दोन कोटींतले दीड लाख

आईचा समज होता की मी मोबाईलमध्ये असते तसली चिप बनवते. रोज रात्री फोनवर विचारायची, "चिपचं काय झालं?" आणि मी म्हणायचे, "नाही आली गं अजून." आठवडाभर हे ऐकल्यावर एकदा ती वैतागून म्हणाली, "मग त्या कुरिअरवाल्याला चांगलं झाप की!"

माझी चिप कुरिअरने येणारी नव्हती. क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन या लांबलचक नावाचं हे लाडकं रूप. पेशीत एखादं प्रथिन डीएनएवर नेमकं कुठे जाऊन बसतं, हे त्याला तिथल्या तिथे जखडून बघायची ही रीत. पुण्यात पीएचडीला लागल्यावर माझे पहिले अकरा महिने या एका प्रयोगात गेले. त्यातले नऊ महिने तो फसत होता, आणि त्या नवातला शेवटचा महिना तो फसलाय हे मला माहीतच नव्हतं.

प्रथिनाचं नाव पी-५३. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि डोळ्यातल्या पेशीत जनुकं तीच असतात. कुठलं उघडून वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं हे ठरवणाऱ्या प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसात ती सुमारे १६०० आहेत. पी-५३ हे त्यांतलं सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं, कारण माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत त्याचं जनुक बिघडलेलं सापडतं. त्याच्या नावाची गंमत आहे. १९७९ मध्ये ते सापडलं तेव्हा जेलवर, म्हणजे रेणूंना आकारानुसार वेगळं करणाऱ्या लिबलिबीत थरावर, त्याचा पट्टा ५३ हजार डाल्टनपाशी (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) दिसला, म्हणून पी-५३. खरं वजन भरतं ४४ हजारांच्या आत. प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लाची त्यात दाटी आहे, त्यामुळे ते जेलमधून रेंगाळत जातं आणि आहे त्याहून जड भासतं. लग्नाच्या पत्रिकेत चुकीचं छापलेलं नाव जन्मभर चिकटावं तसं झालंय. पुढची दहा वर्षं लोक त्याला कर्करोग घडवणारंच समजत होते. ते रोखणारं आहे, हे १९८९ च्या सुमारास उलगडलं.

एरवी पेशीत पी-५३ फारसं साठत नाही. तयार होतं आणि थोड्याच वेळात तोडलंही जातं, एमडीएम-२ नावाचं दुसरं एक प्रथिन त्याच्या सतत मागावर असतं. डीएनएला इजा झाली की ही तोडफोड थांबते, पी-५३ साठू लागतं, आणि त्याचे चार-चार रेणू मिळून डीएनएवरची ठरावीक अक्षरं धरतात. पी-२१ नावाच्या जनुकापाशी अशी एक जागा आहे, जनुकाचं वाचन सुरू होतं तिथून सुमारे २२०० अक्षरं अलीकडे. पी-५३ तिथे बसलं की पी-२१ चं वाचन वाढतं आणि पेशी विभाजन थांबवते. मला मोजायचं होतं ते एवढंच: डीएनएला इजा करणारं औषध दिल्यावर किती तासांनी, किती पी-५३ या जागेवर असतं.

एवढंच म्हणायला सोपं आहे. हे प्रथिन एका जागी टेकतं ते काही सेकंद, मग उडतं, दुसरं येतं. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात ते डीएनएवर मांडी घालून बसलेलं असतं, पण खरा प्रकार गुळाच्या ढेपेवरच्या माश्यांचा आहे. म्हणून आधी सगळं जागच्या जागी थिजवायचं. त्यासाठी वापरतात फॉर्मल्डिहाइड, शवागारातल्या फॉर्मालिनमध्ये असतं तेच. १९८४ मध्ये गिल्मर आणि लिस यांनी जंतूंवर अतिनील प्रकाश टाकून प्रथिन आणि डीएनए एकमेकांना जोडले होते. १९८८ मध्ये सॉलोमन, लार्सन आणि वार्शाव्हस्की यांनी फळमाशीच्या पेशींत तेच काम फॉर्मल्डिहाइडने करून दाखवलं. आम्ही आजही साधारण तीच पाककृती वापरतो.

पाककृती म्हणते तसा माझा दिवस असा. एचसीटी-११६ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी, यांच्यातलं पी-५३ शाबूत आहे. डिशभर वाढल्या की त्यांच्यावर डॉक्सोरुबिसिन टाकायचं. हे केमोथेरपीचं औषध रसनासारखं लालभडक दिसतं आणि हातमोज्यांना डाग पाडतं. ठरलेले तास झाले की डिशमध्ये एक टक्का फॉर्मल्डिहाइड, दहा मिनिटं. मग ग्लायसीन टाकून त्याचं काम थांबवायचं, थंडगार बफरने दोनदा धुवायचं आणि रबरी खरवडणीने पेशी खरवडून घ्यायच्या. मग पेशी फोडून डीएनएचे तुकडे करायचे, पी-५३ ला चिकटणारी अँटिबॉडी घालून रात्रभर फिरत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी चुंबकी बीड्सने ती अँटिबॉडी ओढून घ्यायची. अँटिबॉडीला पी-५३ चिकटलेलं, पी-५३ ला डीएनएचा तुकडा. शेवटी जोड सोडवून तो तुकडा कुठल्या गावचा हे पीसीआरने, म्हणजे ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवत नेऊन, ओळखायचं.

पहिल्या सात महिन्यांतल्या चुका भराभर सांगते, कारण त्या प्रत्येकाच्या होतात. पेशी फोडायच्या बफरमध्ये एसडीएस असतो, म्हणजे साबणच. तो मी बर्फात ठेवला आणि थंडीत तूप थिजावं तसा पांढरा होऊन बसला. एकदा बीड्स धुताना नळी चुंबकावरून उचलली आणि तशीच रिकामी केली, दोन दिवसांचं काम बेसिनमध्ये. एकदा अँटिबॉडी चार दिवस विमानतळावर अडकली आणि आली तेव्हा खोक्यातला सगळा ड्राय आइस उडून गेला होता. आणि कोल्ड रूम! चार अंशांच्या त्या खोलीबाहेर खिळ्याला एक सार्वजनिक स्वेटर टांगलेला असतो. कोणाचा, कधीचा, कोणी धुतला, हे विचारायचं नसतं. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना तो घालून मी नळ्या फिरवणाऱ्या यंत्रासमोर उभी राहायचे. बीड्स मिश्रीसारख्या तपकिरी असतात, नळी फिरली की वर-खाली वाहतात. ते बघत राहण्याचं एक व्यसन लागतं.

आठव्या महिन्यात आली.

म्हणजे पी-२१ च्या जागेवर पी-५३ च्या अँटिबॉडीने आणलेला डीएनए, साध्या आयजीजीने आणलेल्याच्या वीसपट. आयजीजी म्हणजे कशालाच मुद्दाम न चिकटणारी अँटिबॉडी, तिच्यासोबत जे येतं तो केवळ चिकटपणा. शिवाय दुसऱ्याच गुणसूत्रावरची एक निर्मनुष्य जागा तुलनेला घेतली होती, तिथे काहीच नव्हतं. मी पेढे आणले. माझ्या गाइड मॅडमनी एक खाल्ला आणि विचारलं, "तुकडे किती लांबीचे होते?" मी म्हटलं, "सिनियरच्या वहीतलंच सेटिंग वापरलंय." त्या घाईत होत्या, मान हलवून गेल्या. त्यांनी तेव्हाच मला धरून बसवलं असतं तर महिना वाचला असता. पण हे आत्ता म्हणायला ठीक. तुकड्यांची लांबी दाखवणारं जेल मीच टाळलं होतं. जेल चालवायचं म्हणजे थोडा नमुना बाजूला काढून रात्रभर ६५ अंशांवर ठेवायचा, सकाळी आरएनए आणि प्रथिनं पचवायची, मग शुद्ध करायचा. एक दिवस जातो. आणि मला घाई झाली होती.

भांडं फोडलं ते एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेल्या मुलीने. तिला मी माझेच उरलेले नमुने देऊन पीसीआर शिकवत होते. दुसऱ्या दिवशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, माझ्याकडून चूक झाली. दोन नंबरऐवजी सात नंबरचे प्रायमर घातले." मी म्हटलं, "मग काही आलं नसेल." ती म्हणाली, "नाही ना, आलं."

प्रायमर म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा हे पीसीआरला दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे. सात नंबरचे प्रायमर पी-२१ जनुकाच्या पोटातले, पी-५३ च्या जागेपासून ५ हजार अक्षरं पुढचे. तिथे पी-५३ ची जागा नाही. ते मी मागवले होते ते 'इथे काही दिसता कामा नये' यासाठीच, पण प्लेटमध्ये खाने कमी पडतात म्हणून कधी वापरलेच नव्हते. आणि तिथेही पंधरापट दिसत होतं. मी तिच्यासमोर शहाण्यासारखं "हं, इंटरेस्टिंग" म्हटलं आणि चहाला गेले. चहा घशाखाली उतरेना.

कारण उघड होतं. तुकडे लांब राहिले असतील तर पी-५३ ज्या तुकड्याला धरून आलं त्याच्यासोबत पाच-पाच हजार अक्षरांचा शेजारही ओढला जाणार. दूरच्या गुणसूत्रावरची जागा स्वच्छच दिसणार, ती थोडीच या तुकड्याला जोडलेली आहे! माझा निकाल धादांत खोटा नव्हता. घरचा पत्ता विचारला तर तो तालुका सांगत होता. पण मला २२०० अक्षरांवरची जागा आणि जनुकाच्या आणखी जवळची, सुमारे १४०० अक्षरांवरची दुसरी, कमजोर जागा यांत फरक करायचा होता, तिथे तालुका काय कामाचा?

त्याच संध्याकाळी जेलसाठी नमुना लावला. दुसऱ्या दिवशी यूव्हीखाली बघितलं. इथिडियम ब्रोमाइड नारिंगी चमकतं. चांगल्या चिपमध्ये २०० ते ५०० अक्षरांपाशी ढगासारखा पट्टा हवा. माझा ढग वरच्या खाचेपासून लोंबत होता, बहुतेक सगळा ३ हजारांच्या वर.

मग सुरू झाला तुकड्यांचा महिना. डीएनए तोडायचं यंत्र म्हणजे सोनिकेटर. एक धातूची दांडी नळीत बुडवतात, ती कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने थरथरते (तरी जे ऐकू येतं त्याने दात शिवशिवतात) आणि त्या थरथरीने डीएनए तुटतो. दांडी जरा वर आली की फेस होतो. एकदा फेस झाला की तो नमुना गेला, कारण ताकद फेसातच विरते. दांडी तळाला टेकली की नळीला भोक. त्यातून नमुना तापतो, आणि तापला की फॉर्मल्डिहाइडने घातलेल्या गाठी सुटायला लागतात. म्हणून दहा सेकंद चालू, तीस सेकंद बंद, आणि पूर्ण वेळ बर्फात.

त्याच आठवड्यात आमचं बर्फाचं यंत्र बंद पडलं. मे महिना. दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणाला, म्हणजे चार दिवस. मी थर्माकोलचा डबा घेऊन चौकातल्या रसवंतीवर गेले. चरकाच्या घुंगरांच्या आवाजात मालकाला सांगितलं, बर्फ पाहिजे, रस नको. त्याने लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळला आणि लाकडी सोट्याने हाणायला लागला. म्हणाला, "किती ग्लासांचा?" मी म्हटलं, "बारीक करा, दाण्याएवढा, नळीला सगळीकडून लागला पाहिजे." त्याने माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणखी पाच मिनिटं कुटला. पुढचे चार दिवस मला बघितलं की तो आपणहून सोटा उचलायचा. पैसे घेतले ते पहिल्या दिवशीच. आमच्या यंत्रातल्या बर्फापेक्षा तो बर्फ जास्त वेळ टिकला, हे मी प्रयोगाच्या वहीत लिहूनही ठेवलंय.

पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस असे फेरे देऊन पाच नळ्या लावल्या. जेलवर पायऱ्या दिसायला हव्या होत्या, फेरे वाढतील तसा ढग खाली. तो उतरला, पण कुढत. पंचवीस फेऱ्यांनंतरही अर्धा माल हजाराच्या वर. सिनियरचं सेटिंग दुसऱ्या दांडीसाठी, निम्म्या पेशींसाठी होतं हे खरं, पण तेवढ्याने हिशेब लागेना. दोन दिवस मी यंत्राला शिव्या घातल्या.

मॅडम एके दिवशी कल्चर रूममध्ये आल्या आणि मला काम करताना मागे उभ्या राहून बघू लागल्या. माझ्यासमोर सहा मोठ्या डिश. सहाहींमध्ये फॉर्मल्डिहाइड ओतलं, टायमर दहा मिनिटांवर लावला. दहा मिनिटं झाली, पहिल्या डिशमध्ये ग्लायसीन. दुसरी झाकणाला चिकटली होती. तिसरी. फ्यूम हूडची काच डोळ्यांसमोर, तरी डोळ्यांत पाणी. मॅडम त्यांच्या मोबाईलवर वेळ लावून उभ्या होत्या. सहाव्या डिशमध्ये मी ग्लायसीन टाकलं तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. सोळा मिनिटं चाळीस सेकंद.

पहिली डिश दहा मिनिटं, सहावी जवळजवळ सतरा. आणि मग मी सहाही डिशच्या पेशी एकाच नळीत गोळा करायचे. फॉर्मल्डिहाइड गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं की प्रथिनांची जाळी इतकी घट्ट होते की आतला डीएनए तुटायला नकार देतो. मी सोनिकेटरला सिमेंट फोडायला लावत होते. तेव्हापासून फॉर्मल्डिहाइड एका एका मिनिटाच्या अंतराने टाकते, आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने ग्लायसीन. प्रत्येक डिशला दहाच मिनिटं. इतकी साधी गोष्ट वहीत कोणीच लिहिलेली नव्हती, कारण सिनियर एका वेळी दोनच डिश करायची. तिला लिहिण्याची गरजच पडली नव्हती.

पुढच्या खेपेला पंधरा फेऱ्यांत ढग ३०० पाशी उतरला. जेलचा तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. घरच्या ग्रुपवर चुकून गेला होता, मामाने अंगठा दाखवला.

आता राहिली होती शेवटची खात्री, आणि या वेळी मी ती टाळणार नव्हते. एचसीटी-११६ पेशींचंच एक भावंड आहे, त्यातून पी-५३ चं जनुक काढून टाकलेलं. जॉन्स हॉपकिन्समध्ये बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने १९९८ मध्ये ते तयार केलं, आणि आज जगभर ते हातोहात फिरतंय. आमच्याकडे ते दुसऱ्या एका प्रयोगशाळेने प्रेमाने दिलं होतं. प्रश्न सरळ आहे. ज्या पेशीत पी-५३ नाहीच, तिथेही माझी अँटिबॉडी पी-२१ ची जागा 'पकडून' आणत असेल, तर ती काय पकडतेय? दोन्ही पेशी एकाच दिवशी, त्याच औषधाने, त्याच हाताने केल्या. मीडियाची, म्हणजे पेशींच्या द्रव खाद्याची, बाटलीसुद्धा दोघींना वेगळी, एका बाटलीतून दोघींना पाजलं तर कधीतरी थेंब इकडचा तिकडे जातो.

पीसीआरची प्लेट लावली रविवारी दुपारी. इमारतीत वॉचमन आणि मी. पडद्यावर रेषा विसाव्या फेरीपर्यंत जमिनीला चिकटून राहतात, मग एकेक उठायला लागते. जी आधी उठते तिच्यात डीएनए जास्त. प्रत्येक फेरीला डीएनए दुप्पट होतो, म्हणून एका फेरीचा फरक म्हणजे दुपटीचा.

सुरुवातीच्या मालातला एक टक्का बाजूला ठेवलेला असतो, त्याला इनपुट म्हणतात. तो उठला चोविसाव्या फेरीला. शंभर टक्के घेतला असता तर ६.६४ फेऱ्या आधी उठला असता, हा हिशेब आता झोपेतही करते. पी-५३ ची अँटिबॉडी २४.४ ला. आयजीजी २९.२ ला. म्हणजे ०.७६ टक्के विरुद्ध ०.०३ टक्के, सुमारे अठ्ठावीसपट. सात नंबरचे प्रायमर, जनुकाच्या पोटातले: दोन्ही अँटिबॉडी एकमेकींना चिकटून, तिशीच्या आसपास. आणि पी-५३ नसलेल्या पेशी: पी-२१ च्या जागेवरही दोन्ही रेषा एकमेकींवर. मी बोटाने पडदा पुसून बघितला.

०.७६ टक्के ऐकून लोक म्हणतात, एवढंसंच? मीही म्हणायचे. नळीत १ कोटी पेशी होत्या. प्रत्येक पेशीत त्या जागेच्या दोन प्रती, म्हणजे २ कोटी. त्यातल्या दीड लाख माझ्या हाती आल्या. बाकीच्यांवर पी-५३ नव्हतं असं नाही. काहींवर त्या दहा मिनिटांत ते बसून उडून गेलं असेल, काहींवर अँटिबॉडीचा हात पोचला नसेल, काही धुण्यात वाहून गेल्या असतील. हा आकडा पी-५३ किती बसलं त्याचा आणि मी किती नीट काम केलं त्याचा, दोन्हींचा मिळून आहे. म्हणून दोन वेगळ्या दिवसांचे आकडे थेट एकमेकांशी ताडायला मी अजूनही बिचकते.

सोमवारी आलेख मॅडमना दाखवला. त्यांनी आधी पी-५३ नसलेल्या पेशींचे खांब बघितले, मग सात नंबर, मग जेलचा फोटो मागितला. सगळ्यांत शेवटी पी-२१ चा उंच खांब. "छान," म्हणाल्या. "आता हेच आणखी दोनदा. वेगळ्या दिवशी, नवीन पेशी."

पेढे या वेळी आणले नव्हते. रात्री आईला सांगितलं, चिप आली. ती म्हणाली, "बरं झालं बाई. फुटलेली नाही ना?" मी म्हटलं, "फुटलीय गं, तीनशेपर्यंत. तेच तर हवं होतं."

मग कल्चर रूममध्ये जाऊन बघितलं. दोन फ्लास्क भरत आले होते, बुधवारपर्यंत सहा डिश निघतील. एमएस्सीच्या मुलीला मेसेज केला: बुधवारी सकाळी नऊला ये, घड्याळ तू धरायचंस.